घरपट्टी आणि संपत्तिकर



पांढुर्ण्याचे नाव वर्तमानपत्रांत वर्षातून एकदाच ठळक अक्षरांत येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते आणि गोटमार सुरू होते. डोकी फुटतात, छायाचित्रे छापून येतात आणि चार दिवसांत गाव पुन्हा बाहेरच्यांच्या विस्मृतीत जाते. मला आज उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांविषयी बोलावयाचे आहे. त्या दिवसांत तेथे नळाला पाणी यावयाचे असते, नाली उपसावयाची असते, खांबावरचा दिवा लागावयाचा असतो, जन्मलेल्याची आणि गेलेल्याची नोंद व्हावयाची असते. ह्या कामांना मेळा भरत नाही. ती नगरपालिकेची कामे. ती झाली तर कोणी बोलत नाही, न झाली तर मात्र सारे गाव बोलते, आणि पांढुर्ण्यास ते बहुधा मराठीत बोलते.

येथेच माझ्या आजच्या विषयाची सुरुवात होते. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की काटोल लागते, नरखेड लागते आणि मग पांढुर्णा येते. नरखेड महाराष्ट्रात, पांढुर्णा मध्यप्रदेशात. डब्यातील बोलण्यात ह्यामुळे तसूभरही फरक पडत नाही. संत्र्याचा बहर, कापसाचा भाव, कोणाच्या मुलीचे स्थळ, सर्व काही त्याच वऱ्हाडी-नागपुरी वळणाने चालू राहते. सावनेरवरून छिंदवाड्याच्या रस्त्याने सौंसरला जाणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. सरहद्द ओलांडल्याचे कळते ते पाट्यांवरून.

ही सरहद्द १ नोव्हेंबर १९५६ रोजी पडली. तोपर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती, आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी अशा दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा ठरल्या होत्या. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा पांढुर्ण्याचा श्रोता त्या केंद्राला परराज्यातला नव्हता. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि त्याबरोबर त्याचा दक्षिणेकडील मराठी बोलणारा मुलूख, सौंसर व पांढुर्णा, हाही राहिला. मी तो निर्णय बरोबर की चूक ह्या वादात शिरत नाही. तो वाद आता वयस्कर झाला आहे. पण नगरपालिकेच्या दृष्टीने पुढे काय झाले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. काटोल आणि पांढुर्णा ह्या दोन्ही गावांचा कारभार १९२२ च्या एकाच मध्यप्रांताच्या नगरपालिका कायद्याखाली चाले. पुढे मध्यप्रदेशाने १९६१ साली आपला कायदा केला, महाराष्ट्राने १९६५ साली आपला. आणि सख्ख्या भावांनी वाटणी झाल्यावर भांड्यांना वेगवेगळी नावे ठेवावीत, तसे काहीसे झाले.

काटोलच्या माणसाला घरपट्टीचे बिल येते, पांढुर्ण्याच्या माणसाला संपत्तिकराचे. तिकडे पाणीपट्टी, इकडे जलकर. तिकडचा नगरसेवक इकडे पार्षद होतो. मुख्याधिकारी हा मुख्य नगरपालिका अधिकारी होतो आणि लोकांच्या तोंडी केवळ सीएमओ उरतो. वडिलांच्या मागे घर आपल्या नावावर चढवावयाचे, त्याला महाराष्ट्रात फेरफार म्हणतात. येथे ते नामांतरण. महाराष्ट्रात नगरपरिषद म्हणजे चांगले नांदते शहर, आणि त्याहून लहान, नुकतेच खेडेपण सोडणारे गाव असेल तर नगरपंचायत. मध्यप्रदेशात मात्र अशा लहान गावालाच नगर परिषद म्हणतात, आणि पांढुर्णा-सौंसरसारख्या गावाला नगरपालिका परिषद. सौंसरजवळच्या लोधीखेड्याला किंवा मोहगावला नगर परिषद आहे असे ऐकून नागपूरचा पाहुणा उगीचच त्या गावाला मोठे समजतो! शिवाय येथल्या बिलावर ‘समेकित कर’ नावाची एक ओळ असते. सफाई, दिवाबत्ती, अग्निशमन अशा किरकोळ करांचा तो एकत्रित आकडा. पण ‘समेकित’ ह्या शब्दाचा बोध घरातील म्हातारीला होईल, अशी अपेक्षा धरणे कठीण आहे.

कोणी म्हणेल, हे सारे शब्द संस्कृतच आहेत, त्यांत परके ते काय? ह्या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या मध्यप्रदेशात, नागपुरातच, डॉ. रघुवीरांनी कारभाराचे पारिभाषिक शब्द घडविले तेव्हा ते सर्व भारतीय भाषांना चालावेत हीच त्यांची भूमिका होती. सुट्या शब्दाचे दुःख मोठे नाही. एकदा बिल भरले की संपत्तिकर म्हणजे घरपट्टी हे ज्याचे त्याला कळते. दुःख आहे ते वाक्याचे. “एतद्द्वारा सर्वसाधारण को सूचित किया जाता है” अशी सुरुवात झालेली सूचना दहा ओळींनंतर कोठेतरी सांगते की आकारणीवर हरकत घ्यावयाची असल्यास अमुक तारखेच्या आत अर्ज करा. चित्रपटाची हिंदी पांढुर्ण्यातील लहान मुलालाही येते. कचेरीची हिंदी ही निराळी भाषा आहे, आणि भोपाळच्या हिंदीभाषी माणसालाही ती सहज उलगडत नाही. मराठी घरातील माणसाला तर दोन पायऱ्या चढाव्या लागतात. तारीख टळून गेली की हरकतीचा हक्कही जातो, आणि मागाहून मला वाचता आले नाही असे सांगून काही उपयोग होत नाही.

ह्यातली गंमत, किंवा खेद, असा की खिडकीच्या आत बसलेला कारकून पुष्कळदा मराठीच असतो. तो विचारतो, “बाळाचं नाव काय ठेवलं?” आणि लिहितो तो ‘शिशु का नाम’ ह्या रकान्यात. तोंड आणि लेखणी ह्यांच्यामध्ये असलेल्या वीतभर अंतरात भाषा बदलते. जन्ममृत्यूच्या नोंदीचा कायदा १९६९ चा. एकवीस दिवसांच्या आत वर्दी द्यावयाची असते. ही नोंद पूर्वी कोणी फारशी मनावर घेत नसे. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत आणि पारपत्रापर्यंत जन्माचा दाखला हा एकच कागद पुरावा म्हणून धरला जातो. म्हणजे त्या रकान्यातील एकेका अक्षराला आता फार वजन आले. आणि नेमके एक अक्षर हिंदीच्या नेहमीच्या लिखाणात नाही. ते म्हणजे ळ. काळे कुटुंबातील मूल नोंदवहीत ‘काले’ होऊ शकते, पिंपळे ‘पिंपले’ होऊ शकतात. आजोबांच्या जुन्या कागदावर ळ, नातवाच्या दाखल्यावर ल. पुढे हा नातू नागपूरच्या महाविद्यालयात गेला की दोन कागदांतील दोन आडनावे एकाच माणसाची आहेत हे प्रतिज्ञापत्रावर सिद्ध करीत बसतो. अक्षर लहान असते, खेटे मोठे असतात.

सभागृहातही हेच घडते. मध्यप्रदेशात नगरपालिकांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. वॉर्डातील नळाविषयी पोटतिडकीने मराठीत बोलणारी बाई सभेत उभी राहिली, की तिच्या बोलण्यातले पाणी कार्यवृत्तात येईपर्यंत आटून जाते आणि ‘जल समस्या पर चर्चा की गई’ एवढा गाळ उरतो. कोणत्या गल्लीत, किती दिवस, कोणी काय आश्वासन दिले, हे त्यात राहत नाही. पुढच्या सभेत त्या आश्वासनाचा जाब विचारावयाचा तर हाती कागद काय आहे? बरे, लहान गावाला दुसरी चावडीही नाही. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, वॉर्ड समित्या सक्तीच्या झाल्या त्या तीन लाखांच्या वरच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत पांढुर्ण्याची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती, सौंसरची त्याहून कमी. तेव्हा पार्षदाची ओसरी हीच येथली वॉर्ड समिती. तेथे ऐकून घेतले नाही तर माणूस १८१ क्रमांकावर मुख्यमंत्र्यांच्या मदतकेंद्राकडे तक्रार नोंदवितो. मग गल्लीतील नालीची तक्रार राज्याच्या यंत्रणेतून फिरून पुन्हा त्याच गल्लीशेजारच्या कचेरीत येते.

पैशाच्या बाबतीतही गाव आणि नगरपालिका ह्यांचे नाते असेच दुरावले आहे. एके काळी नाक्यावर चुंगी वसूल होई. महाराष्ट्रात आपण तिला जकात म्हणत असू, आणि मुंबईत ती २०१७ पर्यंत चालू होती. मध्यप्रदेशाने ती १९७६ सालीच बंद केली. व्यापाऱ्यांचा त्रास वाचला, गाड्यांचा खोळंबा वाचला, हे खरे. पण तेव्हापासून नगरपालिकेचा मोठा आधार म्हणजे राज्याकडून येणारी ‘चुंगी क्षतिपूर्ती’. गावाच्या बाजारातून येणारा पैसा भोपाळहून येऊ लागला, आणि जो पैसा वरून येतो त्याचा हिशेब खाली कोणी मागत नाही. आता गावाने थेट दिलेले म्हणून जे उरले ते मुख्यतः संपत्तिकर, समेकित कर, जलकर आणि दुकानांची भाडी. म्हणूनच त्या बिलाला मी इतके महत्त्व देतो. नागरिक आणि त्याची नगरपालिका ह्यांच्यामध्ये होणारा तो जवळजवळ एकमेव लेखी संवाद आहे, आणि तो एका बाजूला नीट कळत नाही. मध्यप्रदेशात संपत्तिकराची आकारणी घरमालकानेच स्वतः भरून द्यावी अशी पद्धत आहे. ज्याला अर्जातील रकाने कळत नाहीत त्याने स्वतःचा कर स्वतः कसा ठरवावा? तो कोणातरी जाणत्याकडे जातो, चार पैसे देतो आणि सांगेल तेथे सही करतो.

ह्यावर काही उपाय कागदोपत्री आहे काय? आहे, आणि तो फार जुना आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे, राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत नागरिकाला आपले गाऱ्हाणे अधिकाऱ्यापुढे मांडता येते. त्याहून नेमकी गोष्ट १९५६ सालची आहे. पुनर्रचनेच्या त्याच वर्षी भाषिक अल्पसंख्याकांना द्यावयाच्या संरक्षणाबाबत केंद्र सरकारने एक निवेदन संसदेपुढे ठेवले. त्यात जिल्ह्यांबरोबर नगरपालिका व तालुके ह्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. ज्या क्षेत्रात अल्पसंख्य भाषा बोलणारे लोक शेकडा पंधरा ते वीस असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करणे हिताचे होईल, असे त्याचे म्हणणे. ही सक्ती नव्हे, शिफारस आहे, हे मी मुद्दाम सांगतो. तिच्या बळावर कोणाला कोर्टात खेचता येणार नाही. २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदाही शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या माहितीबाबत स्थानिक भाषेचा विचार करा असे सांगतो.

इतकी वर्षे ह्या शिफारशीला एक सोयीस्कर उत्तर होते. छिंदवाडा जिल्हा फार मोठा, त्यात हिंदी आणि गोंडी बोलणारा मुलूख विस्तीर्ण, आणि त्या बेरजेत मराठीचा आकडा लहान दिसे. ते उत्तर आता उरलेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोनच तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मराठी माणूस जिल्ह्याच्या कोपऱ्यातून जिल्ह्याच्या मध्यावर आला. कलेक्टरांची कचेरी गावात आली, आणि कागदांची संख्या आता वाढणारच.

माझे म्हणणे हिंदी काढून टाका असे मुळीच नाही. १९५७ च्या कायद्यापासून मध्यप्रदेशाची राजभाषा हिंदी आहे, वरच्या कचेरीशी पत्रव्यवहार तिच्यातच व्हावयाचा, आणि पांढुर्ण्यात हिंदी बोलणारी घरेही पुष्कळ आहेत. गोंडी बोलणारी माणसेही आहेत, आणि मराठीविषयी मी जे बोलतो ते त्यांच्या बाबतीत तर अधिकच लागू पडते, कारण त्यांच्या भाषेला राजभाषेचा मान कधीच मिळाला नव्हता. मागणी एवढीच की चार-पाच कागद दोन्ही भाषांत असावेत: कराचे बिल, आकारणीचा अर्ज, हरकतीची सूचना, जन्ममृत्यूच्या वर्दीचा नमुना, आणि मार्चअखेर मंजूर होणाऱ्या अंदाजपत्रकाचा एक पानाचा गोषवारा. जन्माच्या नोंदवहीत ळ हे अक्षर ळ असेच लिहावे. त्याला वेगळी लिपीही शिकावी लागत नाही, देवनागरी दोघींची एकच. खर्चाचा आक्षेप येईल. २०२२ साली दोन्ही गावांत नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या आणि निवडून आलेल्या पार्षदांनी आपल्यातून अध्यक्ष निवडले; एवढा ठराव करण्यास त्यांना भोपाळला जावे लागू नये. बिले आता यंत्रावर छापली जातात, आणि त्या कागदाची मागची बाजू बहुधा कोरीच असते.