एक घर प्यादे

बुद्धिबळाचा पट मांडून बसलात की पहिला पेच पडतो तो सुरुवातीचा. पहिल्या दहा-बारा चालींवर पाश्चात्त्य देशांत ग्रंथांचे ढीग आहेत. ते पाठ नसतील तर मोठ्या खेळाडूपुढे आपला निभाव लागेल काय? इंग्लंडात हेस्टिंग्ज येथे 1930-31 च्या स्पर्धेत झालेला एक डाव या बाबतीत पाहण्याजोगा आहे.

पांढरे मोहरे होते पंजाबच्या मीर सुलतान खानाकडे, काळे क्यूबाच्या कापाब्लांकाकडे. कापाब्लांका म्हणजे 1921 ते 1927 पर्यंतचा जगज्जेता! सुलतान खान वाढला देशी बुद्धिबळावर. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. डाव कसा सावकाश जुळवायचा. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने तो 1929 साली विलायतेस गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. तरी सुरुवातीच्या चालींत गडी कच्चाच, असे जाणकार म्हणत.

कापाब्लांकाने 'क्वीन्स इंडियन' नावाचा बचाव घेतला. म्हणजे वजिराकडच्या घोड्यापुढचे प्यादे हलवून तिथे उंट बसवला. पाचव्या चालीला सुलतान खानाने काय करावे? वजिराकडच्या हत्तीपुढचे प्यादे एकच घर पुढे सरकवले! दिसायला भित्री चाल. पण काळ्याचा दुसरा उंट पुढे येऊन पांढऱ्या घोड्याला जखडू पाहील, ती वाट तिने बंद केली. पुढे 1963 साली जगज्जेता झालेल्या पेट्रोशियनचे नाव याच चालीला ग्रंथांतून मिळाले.

मग कापाब्लांकाचे हत्ती मोकळ्या पट्टीतून आत घुसले. त्याने दोन्ही हत्ती देऊन वजीर मारला. पण खानाचे दोन हत्ती एकमेकांना धरून राहिले, आणि लांबलेल्या झुंजीत 65 चालींनंतर कापाब्लांका हरला. स्पर्धेत पहिला आला हॉलंडचा युवे, दुसरा कापाब्लांका आणि तिसरा आपला खान.

यावरून ग्रंथ फेकून द्या, असे मात्र समजू नका. खानालाही अपुऱ्या माहितीचा त्रास झालाच, आणि इंग्रज खेळाडूंकडून त्याने ती शिकूनही घेतली. सुरुवात जरूर शिका. पण प्रत्येक चालीला 'ही कशासाठी?' असे विचारा. ग्रंथ संपतो तिथून पुढे हाच प्रश्न उपयोगी पडतो.

सुलतान खान 1966 साली वारला. जागतिक संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर केले ते 2024 साली. त्याचा हा डाव एकदा पटावर मांडून पाहाच. पाचव्या चालीपाशी जरा थांबा.