जरेवरील संशोधन आणि धनिकांची थैली
(धुळे येथील सभेत केलेले भाषण)



जरा, व्याधी आणि मरण हे शब्द आपण विहारात नेहमी ऐकता. आज मोठमोठ्या संगणक-कंपन्यांचे मालक म्हणतात की, जरेवरही उपाय निघेल. त्यांच्या पैशाने ते साधेल काय?

हा प्रश्न दूरचा म्हणून टाकून देऊ नका. आपल्या खानदेशातच, अमळनेरला, १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याचीच पुढे विप्रो ही संगणक-कंपनी झाली. तुपाचा नफा संगणकात जातो, तसा संगणकाचा नफा प्रयोगशाळेतही जाईल. तो कोणाच्या वार्धक्यासाठी जातो, हे आपण पाहिले पाहिजे.

२०१३ साली गूगलने कॅलिको ही संस्था काढली. २०२२ साली आल्टोस लॅब्स ही कंपनी तीन अब्ज डॉलरांच्या भांडवलावर उभी राहिली. अशा पैशाने शास्त्रज्ञांना उपकरणे व सवड मिळते, हे मी नाकारीत नाही. परंतु माणसाचे वार्धक्य थांबविणारे एकही मान्यताप्राप्त औषध अद्याप निघालेले नाही. शिवाय आल्टोसच्या कार्याचा मूळ आधार, म्हणजे प्रौढ पेशी पुन्हा आरंभीच्या अवस्थेत नेण्याचा शोध, शिन्या यामानाका यांनी २००६ साली क्योतो विद्यापीठात लावला. बीज विद्यापीठात पेरले गेले; धनिक पीक दिसू लागल्यावर आले.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असेल. तिने वार्धक्याचे रोग लांबतात काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत तीन हजार वृद्धांची चाचणी योजली गेली. पण त्या गोळीत नफा नाही. निधी जमविण्यातच वर्षे गेली.

याउलट, इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या न्यासाने २०१४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला मेंदूच्या संशोधनासाठी २२५ कोटी रुपये देऊ केले. तेथील केंद्राने कोलार जिल्ह्यातील ग्रामस्थांचे मेंदू वयोमानाने कसे बदलतात, याचा अभ्यास चालविला. असा अभ्यास खानदेशात का होऊ नये?

तेव्हा माझे उत्तर असे: धनिकांच्या पैशाने संशोधन पुढे जाईल, परंतु त्याची दिशा एकट्या धनिकाने ठरविता कामा नये. कापूस वेचून पन्नाशीतच जिची पाठ वाकली, ती आपली माताही त्या संशोधनात मोजली गेली पाहिजे. म्हणून मुलामुलींना विज्ञान शिकवा, आणि सार्वजनिक विद्यापीठांना व सरकारी रुग्णालयांना या कामासाठी पैसा मिळावा, अशी मागणी संघटितपणे करा.