निद्रा, मेंदूतील रसायने आणि अपस्मार
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही हा विषय मुद्दाम निवडला. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना शिकवीत आलो. परंतु ज्या रोगाचे नाव घरोघरी कुजबुजत घेतले जाते, तो जाणत्यांकडून समजून घेऊन सांगणे एवढे काम शिक्षकास करता येते.

मंडईचा परिसर आपणां सर्वांच्या परिचयाचा. १८८६ साली उभी राहिलेली ही वास्तू प्रथम गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाई. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव लाभले. येथील भाजीवाल्यांना पहाटेच्या अंधारात गुलटेकडीहून माल आणावा लागतो. अनंत चतुर्दशीस येथून निघणारी विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. जागरण या पेठेच्या अंगवळणीच पडले आहे म्हणा ना! येथे कोणास फेफरे आले की शेजारच्या पाटीतला कांदा फोडून नाकाशी धरतात, नाही तर चप्पल. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्यास मिळते. खरे पाहता रोग्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, दाबून धरू नये, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

तो आपोआप कसा थांबतो, हेच आजच्या विषयाचे मर्म होय. मेंदूतील पेशींचे काम विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी चालते. असंख्य पेशी एकाच वेळी बेभान स्पंदू लागल्या म्हणजे झटका येतो. पेशी शक्ती खर्च करतात तसतसे अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. ते पेशींना शांत करते. दिवसभराच्या श्रमानंतर डोळे जड होतात ते बऱ्याच अंशी त्यामुळेच. झटक्यात शक्तीचा व्यय अतोनात होत असल्याने हे द्रव्य झपाट्याने वाढते आणि आग विझविण्यास हातभार लावते. चहा-कॉफीतील कॅफिन याच द्रव्याची वाट अडविते, म्हणून चहाने झोप उडते.

आता कोणी चतुर श्रोता विचारील, जागरणाने हे द्रव्य साचते, तर जागरण औषधच ठरावे. मग जागरणानेच झटके का येतात? शंका रास्त आहे. पहिली गोष्ट ही की, अपस्मारग्रस्त भागात अ‍ॅडेनोसिन नाहीसे करणारे एक पाचकद्रव्य वाढलेले आढळते. लगाम तेथे आधीच ढिला असतो. दुसरी ही की, जागृती राखणारी रसायने वेगळीच आहेत. त्यांपैकी ओरेक्सिनचा शोध १९९८ साली लागला. झोप नाकारली म्हणजे उत्तेजक आणि शामक द्रव्यांचा तोल ढळतो व मेंदूचे आवरण अधिक चेतनाक्षम होते.

झोपेतही सर्व काळ सारखा नसतो. गाढ निद्रेत पेशी ढोलपथकाप्रमाणे एका ठेक्यावर चालतात, त्यामुळे झटका सहज पसरतो. स्वप्ननिद्रेत तो ठेका मोडतो आणि झटके क्वचित येतात. मेंदूचा विद्युत्-आलेख काढण्यापूर्वी डॉक्टर कित्येकदा रोग्यास रात्री जागावयास सांगतात, त्याचे कारण हेच. अंधार पडल्यावर स्रवणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्यांचाही हल्ली बोलबाला आहे. त्यांनी झोप सुधारते. झटक्यांवरील परिणामाविषयी मात्र प्रयोगांची साक्ष एकसारखी नाही. दुकानातून आपल्या मनाने त्या आणू नयेत.

आता घरची गोष्ट. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा अडथळा घातला गेला होता; १९९९ साली तो काढून टाकण्यात आला. कायद्यातून गेला, आपल्या बैठकीतून मात्र गेला नाही. आमच्या एका विद्यार्थिनीचे लग्न ठरले तेव्हा सासरी दिसू नयेत म्हणून तिच्या गोळ्या माहेरीच ठेवण्यात आल्या. हळदीपासून दोन रात्री डोळ्यास डोळा नाही, औषध बंद; तिसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या पूजेतच तिला झटका आला. सासूबाई मंडईत भाजी विकणाऱ्या, अक्षरशत्रू. त्यांनी आकांत केला नाही, "पोरीच्या गोळ्या कुठं हाईत?" एवढेच व्याह्यांना विचारले. आज त्या मुलीस दोन मुले आहेत. शिकल्यासवरल्या व्याह्यांना जे सुचले नाही ते त्या माउलीस सुचले, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

योग्य औषधोपचार मिळाल्यास शंभरातील सत्तरपर्यंत रोगी झटक्यांवाचून राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग औषध लपविण्याची सक्ती मुलींवर का?

कार्यकारी मंडळास आमची एक विनंती आहे. ज्ञातीच्या कार्यालयात होणाऱ्या लग्नांत हळदीचे व गाण्याबजावण्याचे कार्यक्रम रात्री दहाच्या आत आटोपावेत, असा ठराव आजच्या सभेपुढे यावा. अनुमोदन कोण देणार, ते आताच सांगावे.