मागच्याच्या चालीने
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



देवगाव रंगारी ते येवला आणि पुढे नाशिकची त्रिरश्मी लेणी अशी सायकल यात्रा आम्ही सात जणांनी केली. तिच्याविषयी दोन शब्द बोला, असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही गिरणीतले कामगार, आमचं भाषण घोषणा देण्यापुरतं. म्हणून सगळी यात्रा न सांगता पहिल्या दिवसाचंच सांगतो. खरी परीक्षा त्या दिवशी झाली.

येवलाच का, हे मुलांनी लक्षात ठेवावे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी तिथे धर्मांतराची घोषणा केली. आणि सायकलच का म्हणाल, तर हे वेड आपल्याकडे नवं नाही. 1923 साली मुंबईहून सहा तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे वाळवंटं तुडवून 1928 साली फेरी पुरी करून परतले. त्यापुढे आमचं येवला ते काय!

पण तेच येवला त्या दिवशी लांब झालं. एप्रिलचा महिना, सायकली साध्या, बिनगिअरच्या. पहाटे 5 ला निघालो, शिऊरपर्यंत मजेत गेलो. मग पश्चिमेचा वारा सुटला आणि आमचं तोंडही पश्चिमेलाच. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागे. वाऱ्यात एकामागे एक रांगेने चाललं की मागच्याला जोर कमी लागतो. म्हणून गिरणीत पाळी बदलते तसा पुढचा गडी दर 15 मिनिटांनी बदलायचा, असा नेम केला. त्यात बाभळीच्या काट्यांनी दोन ट्यूब फोडल्या. वैजापूर मागे पडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

आमच्यात 19 वर्षांची एक मुलगी होती. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले, उभं राहवेना. एक जण म्हणाला, हिला एसटीत बसवा, नाहीतर रात्र होईल. दुसरा म्हणाला, सात निघालो, सातच पोचू. वाद तापला. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "जरा थांबा, मग सांगते."

शेजारच्या शेतवस्तीवरच्या मावशींनी लिंबाखाली बसवलं, रांजणातलं पाणी दिलं. घामातून मीठही जातं, नुसतं पाणी पुरत नाही. म्हणून मीठ-साखर घालून तिला घोट घोट पाजलं. मावशींनी गाव विचारलं, जात विचारली नाही. तांब्या हातात घेऊन आमच्यातले थोरले बोलले, "1934 साली बाबासाहेब सुमारे 30 सहकाऱ्यांसह वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या टाक्यावर हातपाय धुतले, तर 'पाणी बाटवलं' म्हणून जमाव धावून आला." कुणी काही बोललं नाही. तांब्या मात्र सगळ्यांत फिरला.

4 वाजता मुलगी उठली. म्हणाली, "चला. पण मी हळू चालवीन, ओरडू नका." तिला रांगेत दोन नंबरला, वाऱ्याच्या आडोशाला घेतलं आणि सगळ्यांनी तिच्या चालीने सायकली हाणल्या. रात्री 9 ला येवल्यात पोचलो, सातच्या सात.

मंडळी, हे सांगण्याचं कारण एवढंच. आपल्या वस्तीत पोर दहावीला नापास झालं की आपण लगेच म्हणतो, लावा कामाला. पोरीच्या बाबतीत म्हणतो, उजवून टाका. हे एसटीत बसवण्यासारखंच झालं. घरचे चार जण वाद घालतात, त्या लेकराला कुणी विचारत नाही. त्याला जरा सावली द्या, थांबा, विचारा आणि काही दिवस घराची चाल त्याच्या चालीने ठेवा. एक वर्ष उशीर झाला तर होऊ द्या.

पुढची यात्रा वेरूळच्या 1 ते 12 क्रमांकाच्या बौद्ध लेण्यांची काढू. पल्ला लहान आहे, तेव्हा आयाबहिणींनीही नावं द्यावीत. सायकल नसेल तर विहारात सांगा, सोय करू.

जयभीम! नमो बुद्धाय!