गव्हाणीतली काडी

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



डिसेंबर लागला की आमच्या पनवेलच्या बाजारात लाल टोप्या लटकू लागतात. दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चढतो. ज्या गावाने बर्फ फक्त गोळ्यात आणि माशांच्या टोपलीत पाहिलाय, त्या गावात घसरगाडीतून आलेला सांताक्लॉज दारोदार उभा राहतो. हौसेला मोल नसतं, माझी तक्रारही नाही. पण या सगळ्या गर्दीत ज्याचा वाढदिवस आहे तो कुठे दिसतो?

हा प्रश्न मला सुचलेला नाही. तो एका आईने आपल्या सहा वर्षांच्या मुलाला विचारला होता. गेल्या नाताळातली ही गोष्ट. आज तीच सांगणार आहे.

मी पनवेलचा कोकणी मुसलमान. कविता मराठीत लिहितो. आमचं गाव तसं सर्वांना सामावून घेणारं. इथे मशिदी आहेत, देवळं आहेत, बेने इस्राएल लोकांचं १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉगही आहे. एकमेकांच्या सणांचं खायची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. दिवाळीचा फराळ यायचा, ईदचा शीरखुर्मा जायचा. ताट रिकामं परत पाठवायचं नाही, एवढा एकच नियम. तेवढं केलं की एकोपा झाला, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहते. मूळची नगर जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, श्रीरामपूरकडची कॅथलिक. तिकडे हरेगावला दर सप्टेंबरमध्ये मतमाउलीची मोठी यात्रा भरते, तो तिचा मुलूख. नवरा मालवाहू जहाजावर असतो. वर्षातले निम्मे महिने घरात ती आणि तिचा मुलगा, दोघंच. माझी मुलगी नोकरीला जाते, त्यामुळे नात दिवसभर आमच्याकडे असते. ही दोन मुलं एका वयाची. जिन्यावर त्यांचं राज्य.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ सुरू होतो. त्या वेळी ताईने मुलाला बरोबर घेऊन गव्हाण बांधायला घेतली. जुन्या खोक्याचा गोठा आणि मातीची गुरं. मध्ये लाकडी गव्हाण, पण ती रिकामी. शेजारी भाताच्या पेंढ्याची एक पेंढी. आपल्या रायगडात त्या दिवसांत पेंढ्याला काय तोटा? तिने मुलाला सांगितलं, ''दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलंस तर रात्री एक काडी गव्हाणीत ठेवायची. बाळ येईल तेव्हा त्याला टोचायला नको, मऊ लागायला हवं.'' रोज संध्याकाळी मायलेक मेणबत्ती लावून प्रार्थना म्हणायची, आणि मग काडी.

दोन-चार दिवसांनी नात धावत वर आली. ''नाना, मी त्याला सायकल दिली म्हणून त्याने माझ्या नावाची काडी ठेवली!'' मागोमाग ताई आली. जरा संकोचून म्हणाली, ''काका, मुलांनी केलंय. तुम्हाला चालेल ना?''

श्रोतेहो, या 'चालेल ना' पाशी मी थबकलो. कारण असाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी एकदा माझ्या दारात आला होता.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. शाळेत नाताळचं नाटुकलं बसत होतं आणि तिला देवदूताचं काम मिळालं होतं. पुठ्ठ्याचे पंख घेऊन ती घरी आली. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी नाक मुरडलं, ''हे आपलं नव्हे.'' मी मोठा कवी, सभांतून सलोख्यावर बोलणारा. पण घाबरलो. शाळेत चिठ्ठी पाठवली, मुलीला ताप आहे. तिला ताप नव्हता. श्रद्धा जपायची म्हणून मी मुलीच्या देखत खोटं लिहिलं. त्या दिवशी ती काही बोलली नाही. पंख मात्र बरेच दिवस कपाटावर धूळ खात पडले होते.

खरं तर 'हे आपलं नव्हे' हे निम्मंच खरं होतं. कुराणात 'मरियम' नावाचा एक संपूर्ण अध्याय आहे, एकोणिसावा. अख्ख्या कुराणात नावाने उल्लेख असलेली स्त्री एकच, ती मरियम. तिथे गोठा नाही, गव्हाण नाही. एकटी, कळांनी व्याकूळ झालेली मरियम खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी आहे. तिच्या पायाशी झरा वाहतो, आणि झाड हलव, ताजा खजूर पडेल, असा दिलासा तिला मिळतो. मक्केत छळ सुरू झाला तेव्हा काही मुसलमान ॲबिसिनियाच्या ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेले. त्या दरबारात जाफर यांनी याच अध्यायातल्या ओळी म्हटल्या आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, असं आमची परंपरा सांगते. आश्रितांनी यजमानाला काय ऐकवलं, तर मरियमची कथा!

पण उरलेलं निम्मंही तितकंच खरं आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती माणसासाठी येशू हा देवाचा पुत्र आहे. आमच्यासाठी हजरत ईसा हे थोर पैगंबर आहेत, देवपुत्र नव्हेत. 'सगळं एकच हो' म्हणून पाठीवर थाप मारली की हा फरक नाहीसा होत नाही. उलट दोघांच्याही श्रद्धेचा थोडा थोडा अपमान होतो.

मी ताईला म्हणालो, ''काडी राहू दे. सायकल तिने खरंच दिलीय.''

त्यानंतर मी मधून मधून खाली जाऊन बसू लागलो. आणि जे पाहिलं त्याने मला माझी लायकी कळली.

त्या मुलाला रिमोटवर चालणारी गाडी हवी होती. मॉलमध्ये पाहिलेली, महागडी. तेव्हाच आईने तो प्रश्न विचारला, ''वाढदिवस कुणाचा?'' ''येशूबाळाचा.'' ''मग भेट कुणाला द्यायची?'' मुलगा आनंदाने तयार झाला असं मी सांगणार नाही. तो रडला, हातपाय आपटले. वर 'बाबा असते तर त्यांनी घेतली असती' हेही म्हणाला. आईच्या चेहऱ्यावर ते लागलेलं दिसलं. पण ती रागावली नाही आणि बधलीही नाही. म्हणाली, ''गाडी तुझ्या वाढदिवसाला बघू. हा दिवस त्याचा आहे.''

एका रात्री मुलगा झोपेना. बऱ्याच वेळाने त्याने कबूल केलं, काहीही चांगलं न करता त्याने दोन काड्या जास्त ठेवल्या होत्या. नातीपेक्षा आपल्या कमी पडू नयेत म्हणून. त्या काढून टाकायच्या म्हणून तो हट्ट धरून बसला. गव्हाण उसकटू लागला. दुसऱ्या दिवशी ताईने मला हे सांगितलं. मी विचारलं, ''मग तू काय केलंस?'' ती म्हणाली, ''काढू दिल्या त्याला. पण म्हटलं, बाळ तुझ्यावर रुसून परत जाणार नाही. चुकणाऱ्यांसाठीच तर ते येतंय. न चुकणाऱ्यांकडे त्याचं काय काम?''

तिच्यासाठी हे रोजचं होतं. तिने मुलाला धर्म शिकवला तो असा, पेंढ्याच्या काडीने. पोराने दोन काड्यांचं खोटं एका रात्रीत कबूल केलं. माझी तापाची चिठ्ठी पंचवीस वर्षं तशीच होती.

त्या संध्याकाळी मुलगी नातीला न्यायला आली तेव्हा मी तो विषय काढला. म्हणालो, ''चुकलं माझं.'' ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ''अब्बा, मला ताप नव्हता हे मला माहीत होतं. तुम्हाला भीती कसली वाटते, तेवढंच कळत नव्हतं.''

चोवीस तारखेला श्रीरामपूरहून ताईचे आईवडील आले. पिशव्यांत करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. नगरकडचा नाताळ फराळाचा असतो. ताईने आम्हाला रात्रीच्या मिस्सेला जाण्याआधी जेवायला बोलावलं होतं. हळूच म्हणाली, ''काका, कोंबडी मोहल्ल्यातल्या खाटकाकडूनच आणलीय. केकमध्ये रम नाही.'' पाहुण्याचा धर्म असा सांभाळतात.

नातीच्या हातात एक पुडा होता. खजुराचा. अध्याय 'मरियम' मधली गोष्ट तिला मी सांगितली होती, तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, बाळंतिणीला खजूर न्यायचा.

जेवणाआधी घरातली प्रार्थना झाली. आजोबांनी मराठी बायबल उघडून लूककृत शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचला. उतारूंच्या शाळेत जागा न मिळालेलं जोडपं, गव्हाणीत निजवलेलं मूल, रानातले मेंढपाळ. मग टाळ वाजवत भजन झालं. चाल अशी, की डोळे मिटले तर वारीत बसल्यासारखं वाटावं. मला गोव्यातले फादर स्टीफन्स आठवले. या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा मराठी ओव्यांत गायली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. आणि त्याच शतकात, याच आजोबांच्या जिल्ह्यात, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तोही ओवीत. एक ख्रिस्ती, एक मुसलमान. ओवीने कुणाला जात विचारली नाही.

सगळे गुडघे टेकून बसले. नात माझ्या कानाशी लागली, ''नाना, मीपण?'' मी म्हणालो, ''आपली नमाज चालू असते तेव्हा तो कसा बसतो?'' ''गप्प. कोपऱ्यात.'' ''तसंच बसायचं.'' तिने हात मांडीवर ठेवले.

मग आईने कपाटातून कापडात गुंडाळलेलं मातीचं बाळ काढून मुलाच्या हाती दिलं. त्याने ते पेंढ्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी, श्वास रोखून. तेवढ्यात जहाजावरून बाबांचा फोन आला. आवाज तुटत होता. मुलाने गाडीचं नावही काढलं नाही. म्हणाला, ''बाबा, बाळ आलं. टोचत नाही त्याला.''

नंतर खजूर सगळ्यांना वाटला गेला. आजीने नातीला जवळ घेऊन विचारलं, ''कुणासाठी आणलास गं?'' ''मरियमसाठी.'' आजीने एक खजूर उचलून गव्हाणीपाशी ठेवला. कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही.

पंचवीस तारखेला सकाळी मिस्सेहून आल्यावर मायलेक पुन्हा बाहेर पडली. आमच्या रस्त्याच्या टोकाला एका इमारतीचं बांधकाम चाललंय. तिथे मजुराचं तान्हं मूल साडीच्या झोळीत असतं. गाडीच्या पैशांतून ताईने दोन घोंगड्या आणि दुपटी घेतली होती. मुलाने ती दिली आणि लाजून आईच्या मागे लपला. येताना वाटेत म्हणाला, ''याच्या झोळीत पेंढा नाहीये.''

श्रोतेहो, गव्हाणीचा देखावा पहिल्यांदा मांडला तो असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी, इटलीतल्या ग्रेचो गावी, १२२३ साली, असं मानतात. त्याआधी चार वर्षं, १२१९ मध्ये, धर्मयुद्ध पेटलेलं असताना हेच फ्रान्सिस इजिप्तच्या सुलतानाला, अल्‌-कामिलला, भेटायला नि:शस्त्र गेले होते. सुलतानाने त्यांना ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं. दोघांपैकी कुणीही आपला धर्म सोडला नाही. पण दोघांनी भेट नाकारलीही नाही.

मला आता वाटतं, शेजाऱ्याच्या सणाचं खाणं सोपं आहे. त्याच्या सणाच्या मुळाशी काय आहे ते त्याच्या देवघरात गप्प बसून पाहणं, ते अवघड. मूल मात्र तसं बसू शकतं, आपण बसू दिलं तर. आपली श्रद्धा त्याला नीट सांगितलेली असली की दुसऱ्याच्या श्रद्धेने ती विटाळत नाही. खोट्या चिठ्ठीने मात्र विटाळते.

गव्हाण उचलायच्या दिवशी ताई आमचा खजुराचा डबा परत द्यायला वर आली. डबा रिकामा नव्हता. आत करंज्या होत्या, आणि त्यांच्यावर दोऱ्याने बांधलेली पेंढ्याची एक काडी. नातीच्या नावाची.

ती मी मुलीला दिली.