फतवा: सल्ल्याचा हुकूम कसा झाला?

(युवक शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या रोजच्या मराठीत कितीतरी अरबी-फारसी शब्द आहेत, आणि इथवर येताना त्यांचे अर्थ बदलले आहेत. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, परमुलखातला माणूस. आपल्याकडे तो निर्धन झाला. शिवाय ‘गरीब स्वभावाचा’ म्हणताना तो सालसही झाला. ‘मजकूर’ म्हणजे उल्लेख केलेला. जुन्या कागदपत्रांत ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले गाव. आज लिहिलेले काहीही मजकूर असते, व्हॉट्सॲपवरचेसुद्धा. यात कोणाचे काही बिघडले नाही.

‘फतवा’ या शब्दाचे तसे नाही. इस्लामी न्यायशास्त्रात फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने दिलेले मत. काझीचा निवाडा पक्षकारांवर बंधनकारक असतो. मुफ्तीचे मत तसे नसते. एकाच प्रश्नावर दोन मुफ्ती दोन वेगळी मते देऊ शकतात. मराठीत मात्र फतवा ‘काढतात’. पक्षश्रेष्ठी काढतात, मुख्याध्यापक काढतात, सोसायटीचे चेअरमनही काढतात. म्हणजे वरून आलेला जाचक हुकूम.

आपण लगेच म्हणतो, ‘मूळ अर्थ तसा नाही.’ बरोबर आहे. पण तेवढ्याने भागत नाही. शब्दाचा अर्थ लोकांच्या वापरातून ठरतो. हा वापर एकट्या वर्तमानपत्रांनी घडवला का? मोहल्ल्यात एखाद्या मुलीच्या शिक्षणाबद्दल, नोकरीबद्दल कोणाचे तरी मत आणून तिच्यावर लादले जाते, तेव्हा सल्ल्याचा हुकूम आपणच करतो.

२०१४ साली विश्वलोचन मदन यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की फतव्याला कायद्याचे बळ नाही, तो मानण्याची सक्ती करता येणार नाही. त्रयस्थाने विचारले म्हणून एखाद्या व्यक्तीच्या हक्कांवर परिणाम करणारा फतवा देऊ नये, असेही सुचवले.

म्हणून कोणी ‘फतवा आहे’ म्हणाले, तर आधी विचारा: प्रश्न कोणी विचारला होता? जिच्याविषयी विचारला, तिचे म्हणणे ऐकले होते का? सल्ला नाकारता येतो. तो नाकारणाऱ्या मुलीच्या पाठीशी आपण उभे राहिलो, तरच ‘फतवा म्हणजे मत’ हे आपले म्हणणे लोकांना पटेल.