रुपयाचे मोल आणि आपली मजुरी
(औसा येथील भाषण)



निजामी राजवटीत या औश्यात हाली सिक्का चालत असे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सहा रुपयांना हाली सुमारे सात पडत. नाव एक, मोल दोन! रुपयाचे खरे मोल त्याला मिळणाऱ्या ज्वारीच्या मापावरच ठरते.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध प्रसिद्ध केला व १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रुपये काढण्यावर कायद्याची मर्यादा असावी, हा त्यांचा आग्रह होता. कारण उघड आहे: भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. २०१६ च्या कायदादुरुस्तीने व्याजदर ठरविण्याचे काम सहा सदस्यांच्या समितीकडे गेले; भाववाढ आटोक्यात ठेवणे हे तिचे कर्तव्य ठरले. परंतु तो दर बँकेच्या दारापर्यंतच पोचतो. सावकाराच्या वहीत त्याला प्रवेश नाही.

म्हणून वकील या नात्याने सांगतो, परवान्यावाचून सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. व्याज आधी वाचा, मगच सही करा.